अध्याय नववा, मागची बाजू

सरकारी नोकरीत माणूस कामाने मरत नाही, 'हो जाएगा, सर' म्हणण्याने मरतो. बबन खोब्रागडे यांनी छत्तीस वर्षं हे शब्द कटाक्षाने टाळले होते. 'देखते हैं, सर', 'फाइल पे ले लेते हैं, सर', अगदीच गळ्याशी आलं तर 'कोशिश करेंगे, सर', एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी सुखाने पार पडली होती. पण निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना, जानेवारीअखेरच्या एका मीटिंगमध्ये, हीटर नेमका त्यांच्या पायांशी होता म्हणून म्हणा किंवा समोसे गरम होते म्हणून म्हणा, ते शब्द त्यांच्या तोंडून निघून गेले.

बबनराव ज्या जडवस्तू नोंदणी संचालनालयात होते, ते दिल्लीत आहे हे दिल्लीतल्याही फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. सरकारच्या मालकीची प्रत्येक खुर्ची, टेबल, कपाट, पंखा आणि पाण्याचा माठ यांची यादी ठेवायची, हे त्या संचालनालयाचं काम. ही यादी १९८७ साली आलेल्या एका अवाढव्य यंत्रात होती. कपाटाएवढे त्याचे तीन भाग होते, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या माणसांना मोठ्याने बोलायची कायमची सवय लागलेली. हे यंत्र बदलायचं गेली पंचवीस वर्षं ठरत होतं. शेवटी यंत्र बदलत नाही तर निदान त्याची पुस्तकं तरी बदलू, असं वरून ठरलं.

ती पुस्तकं म्हणजे चौदा जाडजूड खंड. यंत्र कसं सुरू करावं, कसं बंद करावं, मध्येच रुसलं तर काय करावं, हे सगळं हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सलग कागदावर छापून बांधलेलं. त्यातले अकरा खंड खुद्द बबनरावांनी लिहिलेले. आता ते सगळे 'ज्ञानसंगम' नावाच्या नव्या पोर्टलवर चढवायचे होते, तेही एकतीस मार्चपर्यंत. त्याच दिवशी बबनराव निवृत्त व्हायचे होते.

"खोब्रागडेजी, हो जाएगा ना?" संचालक विनय माथुर यांनी विचारलं.

बबनराव काय बोलले ते वर आलंच आहे.

पोर्टलवाल्या कंपनीकडून गुरुग्रामहून शिवांगी नावाची मुलगी आली. वय सव्वीस-सत्तावीस, पाठीवर लॅपटॉप, बोलणं इतकं आदबशीर की तिच्यावर रागावणं अवघड व्हावं. बबनरावांची कल्पना अशी होती की खंड स्कॅन करायचे, चढवायचे आणि मोकळं व्हायचं. फार तर पंधरा दिवस. शिवांगीने समजावून सांगितलं की तसं नसतं. नव्या पद्धतीत पुस्तक नसतंच, नुसती सुटी पानं असतात, आणि प्रत्येक पान तीनपैकी एका जातीचं असावं लागतं: कॉन्सेप्ट, टास्क किंवा रेफरन्स. ज्याची जात कळत नाही असं पान पोर्टल आत घेत नाही.

बबनरावांच्या कानाला हे फारसं नवीन वाटलं नाही. तरी त्यांनी पहिला खंड उघडला. पहिल्या पानावर पहिलंच वाक्य होतं: 'यंत्राच्या खोलीत शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढावीत.' त्या काळी धुळीमुळे यंत्र बिघडेल अशी भीती असायची. धूळ गेली नाही आणि यंत्रही बिघडलं नाही, पण नियम मात्र टिकला होता.

"सर, ये कॉन्सेप्ट है, टास्क है या रेफरन्स?" शिवांगीने विचारलं.

"ये चप्पल है," बबनराव म्हणाले.

पुष्कळ विचारांती ते टास्क ठरलं. टास्क म्हटलं की पोर्टलला पूर्वअट लागते, पायऱ्या लागतात, निष्पत्ती लागते. पूर्वअट: वापरकर्त्याने पादत्राणे घातलेली असावीत. पायरी एक: डावे काढावे. पायरी दोन: उजवे काढावे. निष्पत्ती: वापरकर्त्याच्या पायांत पादत्राणे नसतात. एवढं झाल्यावर पोर्टलने लाल अक्षरांत चित्र मागितलं. चित्राशिवाय ते पुढे सरकेना, म्हणून बबनरावांना दारात उभं करून त्यांच्या पायांचा फोटो काढण्यात आला. उजव्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक आहे हे फोटो चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं. छत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांचा फोटो कुठल्याही सरकारी प्रकाशनात आला नव्हता. आता आला तो हा.

ही झाली पानाची जात. त्यानंतर प्रत्येक पानाला एक मालक लागायचा. अकरा खंडांचे लेखक म्हणून बबनरावांनी साहजिकच आपलं नाव घातलं. पोर्टल म्हणालं, या कर्मचाऱ्याची मुदत एकतीस मार्चला संपते, मुदत संपणारा मालक चालणार नाही. स्वतःच्या पुस्तकातून माणसाला इतक्या लवकर बाहेर काढलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. कविमंडळींच्या बाबतीतसुद्धा लोक निदान ते मरेपर्यंत थांबतात. शेवटी सगळ्या पानांचे मालक संचालक माथुरसाहेब झाले. चपलांचे मालकही तेच. दर पानाला साहेबांच्या फोनवर मंजुरीची विनंती जायची, आणि साहेब मीटिंगमध्ये, गाडीत, जेवताना, न वाचता 'मंजूर' दाबायचे. कामाचा वेग मात्र त्यामुळे झकास राहिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तेरा खंड चढले. सहाव्या खंडाशी गाडी अडली. पोर्टलवर लाल पट्टी आली: 'अध्याय ९ अनुपलब्ध.' बबनरावांनी खंड उघडून पाहिला. पान दोनशे बारानंतर एकदम दोनशे बासष्ट. मधली एकोणपन्नास पानं नव्हतीच. नववा अध्याय म्हणजे वर्षअखेरची मोजदाद मध्येच थांबली तर काय करावं, त्याचा.

"सर, आप याद से लिख दीजिए ना," शिवांगी म्हणाली. "आपको तो सब आता है."

आता यायला यायचंच. पण नियम असा निघाला की पोर्टलवर फक्त मूळ कागदाची प्रत चालते. आठवणीतून लिहिलेला मजकूर हा नवा दस्तऐवज, आणि नव्या दस्तऐवजाला पाच जणांच्या समितीची मान्यता लागते. या समितीतले तिघे निवृत्त झाले होते, एकजण डेप्युटेशनवर आसामात होता, आणि पाचवे सदस्य स्वतः बबनराव होते.

माथुरसाहेबांनी एक छोटासा शेरा मारला: 'शोधून सादर करावे.' सरकारात शेऱ्याची फाइल व्हायला एक दिवस पुरतो. चौथ्या दिवशी फाइल दक्षता विभागात पोचली आणि तिचं नाव बदललं: 'शासकीय अभिलेख गहाळ होण्याबाबत.' दक्षता विभागाचा दाखला मिळाल्याशिवाय बबनरावांची निवृत्ती स्वच्छ होणार नव्हती. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातून आलेला, घराण्यातला पहिला सरकारी नोकर म्हणून त्यांनी एकच गोष्ट जपली होती. सेवापुस्तिकेत एक वाकडी ओळ नाही. आता शेवटच्या पानावर, अगदी शेवटच्या ओळीत, 'अभिलेख गहाळ' असं लिहिलं जाणार की काय, या विचाराने त्यांना भूक लागेनाशी झाली.

लक्ष्मीबाई नगरात त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये अविनाश दामले राहायचे. हे लेखापरीक्षणात होते, म्हणजे दुसऱ्यांच्या फाइलींत हरवलेल्या वस्तू शोधण्यात त्यांची हयात गेलेली. बबनरावांचा चेहरा पाहून ते चहाच्या वेळेला स्वतःहून आले.

"खोब्रागडे, सोपं आहे. वाळवीने खाल्लं म्हणा."

"वाळवी लागली तर चौदाही खंडांना लागेल ना. नेमका नववा अध्याय कसा खाईल?"

"तेही खरं. शिवाय वाळवीला पेस्ट कंट्रोलचा दाखला लागतो." दामल्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "मग पाणी गळलं म्हणा. छत तर तुमच्या ऑफिसचं गळतंच."

"गळतं, पण दुसऱ्या टोकाला. बांधकाम विभागाकडे नकाशा आहे."

"अच्छा. मग असं करा, हरवल्याची तक्रार नोंदवून टाका. पावती मिळाली की माणूस मोकळा. यार, पावतीपुढे ब्रह्मदेवही हात टेकतो."

दामले गेल्यावर बबनरावांनी हरवल्या-सापडल्याचा एक ऑनलाइन फॉर्म उघडला. काय हरवलं, या प्रश्नाखाली मोबाइल, पाकीट, पासपोर्ट, किल्ली असे पर्याय होते. त्यांनी 'इतर' निवडलं. कुठे हरवलं? माहीत नाही. केव्हा हरवलं? कदाचित पंचवीस वर्षांपूर्वी, कदाचित त्याआधी. वस्तू कशी दिसते? 'हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद, दोन्ही कडांना बारीक भोकं.' एवढं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. असा कागद आपण नुकताच कुठेतरी पाहिला आहे, असं त्यांना वाटून गेलं.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. रमाबाई, त्यांच्या पत्नी, कणकेचा डबा पुसत होत्या. डबा उचललेला होता, आणि डब्याखाली फळीवर अंथरलेला होता एक कागद. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्या, दोन्ही कडांना भोकं, आणि वरच्या कोपऱ्यात आकडा: २३८.

"रमा, हा कागद कुठला?"

"कुठला म्हणजे? तुमच्याच ऑफिसचा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी दिल्लीतल्या संगणकवाल्या ऑफिसांतला प्रत्येक बाबू संध्याकाळी घरी निघताना वापरलेल्या छापील कागदाचा गठ्ठा काखोटीला मारायचा. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी करकरीत. मुलांच्या गणितांना, वाण्याच्या यादीला, पुस्तकांच्या कव्हरांना त्याच्यासारखा कागद नव्हता. याला चोरी कुणी म्हणत नसे. रद्दीच ती. बबनरावही आणायचे. रमाबाई त्या कागदांवर मुलीकडून, लुंबिनीकडून, रोज एक पान मराठी शुद्धलेखन लिहून घ्यायच्या. शाळेत हिंदी, खाली खेळायला हिंदी, टीव्हीवर हिंदी. घरात रोज एक पान नसेल तर पोर मराठी विसरेल, हा त्यांचा हट्ट होता. १९९८ सालच्या कुठल्याशा संध्याकाळी बबनरावांनी दुरुस्तीसाठी टेबलावर काढून ठेवलेला नववा अध्याय रद्दीच्या गठ्ठ्यासोबत घरी आणला होता. सरकारी अभिलेख गहाळ करणारा इसम सापडला होता, आणि तो कणकेच्या डब्यापाशी उभा होता.

"बाकीची पानं?"

"आहेत. बेडच्या पेटीत."

दिल्लीत ज्याच्या घरी पेटीचा पलंग नाही असा माणूस सापडायचा नाही. खाली पोटभर जागा, त्यात रजया, स्वेटर, आणि टाकवत नाही असं सगळं. पण रमाबाईंनी आदल्याच रविवारी चारही रजया उन्हात घालून, डांबराच्या गोळ्या घालून आत नीट रचल्या होत्या. आता पलंग उघडायचा म्हणजे गादी उचला, रजया काढा. त्या सरळ जाऊन पलंगावर बसल्या.

"कशाला हवीत आता?"

बबनरावांनी सगळं सांगितलं. फाइल, दक्षता विभाग, सेवापुस्तिका. पानं ऑफिसला परत द्यावी लागतील, स्कॅन झाली की नियमाप्रमाणे मूळ कागद फाडून नष्ट करतात, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. ती चूक झाली.

"फाडतील?" रमाबाई म्हणाल्या. "मग नाही मिळणार."

"अगं, तो सरकारचा कागद आहे!"

"पुढची बाजू सरकारची असेल. मागची माझी आहे."

बबनरावांनी छत्तीस वर्षांत पुष्कळ नियम वाचले होते, पण कागदाच्या एका बाजूची मालकी वेगळी असू शकते का, यावर कुठलंच परिपत्रक त्यांना आठवेना. समोरच्या दामल्यांना विचारायला जावं, असंही क्षणभर वाटलं.

"असं काय आहे त्या मागच्या बाजूवर?" त्यांनी वैतागून विचारलं.

"वाचलं असतंत तर विचारलं नसतंत," रमाबाई म्हणाल्या, आणि चादरीचा कोपरा सारखा करू लागल्या.

दोन दिवस वाटाघाटी चालल्या. शेवटी तह झाला तो असा: कागद घराबाहेर जाणार नाही. शिवांगीने घरी येऊन स्कॅन करावं आणि चढवावं. साहेबांना 'मूळ प्रत सुरक्षित ताब्यात' असं कळवावं. कुणाच्या ताब्यात, ते साहेब विचारत नाहीत तोवर सांगायचं कारण नव्हतं.

शिवांगी रविवारी आली. भिंतीवरच्या बाबासाहेबांना आणि बुद्धाला तिने आत येता येताच हात जोडले, त्यामुळे रमाबाईंचं तिच्याबद्दलचं मत एकदम चांगलं झालं. झुणका-भाकर झाली, वर शेवयांची खीर झाली. जेवणानंतर डोळे मिटायला लागलेले असताना तिने गठ्ठा आपल्या छोट्या स्कॅनरला लावला आणि बटण दाबलं. कागद सुरसुरत आत जाऊन बाहेर येऊ लागले. फळीवरचं दोनशे अडतीसावं पान, त्यावर कणकेचा गोल डाग, तेही गेलं. बबनरावांनी एकदा सगळी पानं मोजली, एकोणपन्नास भरली, आणि त्यांना दोन आठवड्यांत पहिल्यांदा जांभई आली.

स्कॅनर दोन्ही बाजू एकदम घेणारा होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जात नंतर ठरवू म्हणून शिवांगीने सगळ्या गठ्ठ्याला तात्पुरती एकच जात लावली होती, त्यामुळे पोर्टलवर अठ्ठ्याण्णव पानं गेली. माथुरसाहेबांनी त्या संध्याकाळी कुठल्याशा लग्नाच्या रांगेत उभं राहून अठ्ठ्याण्णव वेळा 'मंजूर' दाबलं. लाल पट्टी गेली, हिरवी आली, आणि दक्षता विभागाची फाइल 'अभिलेख प्राप्त' असा शेरा घेऊन बंद झाली. मंजूर झालेल्या पानाला पोर्टल कुलूप लावायचं. बबनरावांनी ते पुन्हा उघडून पाहिलं नाही. आपण लिहिलेलं आपण काय वाचायचं, असा त्यांचा बाणा होता.

एकतीस मार्च उजाडला. तीन वाजता निरोप समारंभ होता. लुंबिनी त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आली होती. ती पस्तीस वर्षांची, एका विमा कंपनीत नोकरीला. सुट्टी मिळाली नाही म्हणून लॅपटॉप सोबत घेऊन आलेली. ती आणि रमाबाई अडीच वाजता ऑफिसच्या फाटकाशी पोचल्या, आणि पासपाशी अडकल्या. पासावर भेटीचा उद्देश लिहावा लागतो. रमाबाईंनी 'निरोप' लिहिलं. तसा उद्देश यादीत नव्हता. दोघींना रिसेप्शनमधल्या बाकावर बसवून ठेवण्यात आलं. लुंबिनीने तसा मेसेज बाबांना टाकला.

वर तिसऱ्या मजल्यावर वर्षअखेरची मोजदाद सकाळपासून चालू होती. एक वाजून वीस मिनिटांनी, देशभरातल्या खुर्च्या मोजून झाल्यावर आणि टेबलं सुरू होताना, यंत्र थांबलं. आवाज बंद झाला तसे शेजारच्या खोलीतले लोक ओरडत बोलताहेत हे सगळ्यांना एकदम ऐकू आलं.

माथुरसाहेब धावत आले. दाराशी बूट काढले. नियमाचे मालक तेच होते. मागोमाग शिवांगी आली. बबनराव यंत्रासमोर बसले. मोजदाद मध्येच थांबायचा प्रसंग गेल्या सत्तावीस वर्षांत फक्त दोनदा आला होता, शेवटचा दहा वर्षांपूर्वी. सगळं तोंडपाठ आहे असं ते सांगत आले होते. पहिल्या दोन पायऱ्या आठवल्या, तिसरी आठवेना.

"कोई बात नहीं, पोर्टल है ना!" साहेब आनंदाने म्हणाले. दोन महिन्यांत पोर्टलचा उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ होती. शिवांगीने लॅपटॉपवर नववा अध्याय उघडला.

पहिलं पान व्यवस्थित होतं. त्याबरहुकूम दोन पायऱ्या झाल्या. दुसरं पान आलं आणि शिवांगी थांबली. पानावर पेन्सिलीने, मोठ्या वळणदार अक्षरांत, देवनागरीत काहीतरी लिहिलेलं. तिने पुढचं पान घेतलं, तिथे तिसरी पायरी मिळाली. चौथ्यावर पुन्हा पेन्सिल. असं एक पान यंत्राचं, एक पेन्सिलीचं करत बबनराव सहाव्या पायरीपर्यंत गेले, आणि यंत्र घरघरत सुरू झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सातवी पायरी फक्त इतकीच होती: 'मोजदाद पूर्ण होईपर्यंत यंत्राजवळ बसून राहावे. उठू नये.' म्हणजे आणखी अडीच तास.

"ये पेन्सिल से क्या लिखा है?" साहेबांनी सातव्या पायरीच्या मागचं पान दाखवून विचारलं. "मराठी है? ज़रा पढ़िए, कोई ज़रूरी नोट होगा."

बबनरावांनी चष्मा सारखा केला आणि मनातल्या मनात वाचू लागले.

'माझे बाबा. माझ्या बाबांचे नाव बबन आहे. ते मोठ्या मशीनवर काम करतात. मशीन बंद पडले की बाबा त्याच्याजवळ बसतात. बाबा घरी उशिरा येतात. मला ताप आला तेव्हा आई बसली होती. आई म्हणाली बाबा मशीनजवळ आहेत. मी मोठी झाल्यावर मशीन होणार आहे. मग मी बंद पडीन.'

खाली लाल पेनाने रमाबाईंनी दुरुस्ती केली होती: 'पडीन' मधला 'डी' नीट काढावा. बाकी काही नव्हतं.

बबनरावांना लाज वाटली आणि फार वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. तो ताप त्यांना आठवत नव्हता. ती रात्र, ते साल, काहीच आठवत नव्हतं. मशीन कधी कधी बंद पडलं ते मात्र तारखेनिशी आठवत होतं.

"क्या लिखा है?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"सर," बबनराव म्हणाले. "लिखा है, जो बंद पड़े उसके पास कोई बैठना चाहिए."

"व्हेरी गुड. वही तो सातवाँ स्टेप है." साहेब खूश झाले. "तो आप बैठिए. फेअरवेल यहीं कर लेंगे, समोसे ऊपर मँगवा लेते हैं."

बबनराव खुर्चीतून उठले. अकरा खंडांच्या लेखकाने स्वतःच्या पुस्तकातला नियम मोडल्याची ही पहिलीच वेळ होती. "नहीं सर," ते म्हणाले, "नीचे मेरी बेटी बैठी है," आणि बाहेर पडले. लिफ्टची वाट न पाहता ते तीन जिने उतरले. ते रिसेप्शनमध्ये पोचले तसं लुंबिनीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाबा, तुमचे शूज कुठे आहेत यार?"

बूट तिसऱ्या मजल्यावर, यंत्राच्या दाराशी राहिले होते. पायांत नुसते मोजे, आणि उजव्या अंगठ्याचं भोक तसंच. बबनरावांनी पासाचा फॉर्म ओढून घेतला आणि उद्देशाच्या रकान्यात 'कार्यालयीन काम' लिहून दोघींना वर नेलं. समारंभ झाला. शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, माथुरसाहेबांनी 'खोब्रागडेजी के बिना ये मशीन अनाथ हो जाएगी' असं भाषण केलं. सगळे गुलाबजाम खात असताना शिवांगी यंत्राच्या खोलीत डोकावून आली आणि आनंदाने सांगू लागली, "सर, क्लोजिंग कम्प्लीट! अपने आप हो गया. कोई बैठा भी नहीं था."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बबनरावांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा. सातवी पायरी त्यांनी स्वतःच लिहिली होती, एकोणीसशे ब्याण्णव साली. ती कशासाठी लिहिली, हे त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. कुणी सांगितलेलं नव्हतं. यंत्राला तसं काही लागतही नव्हतं. नुसतं, बसलेलं बरं, असं वाटलं म्हणून लिहिली, आणि छत्तीसातली तेहेतीस वर्षं पाळली.

जायच्या आधी शिवांगीने हळूच विचारलं, "सर, वो पेन्सिलवाले पेज निकाल दूँ? रिक्वेस्ट डालनी पड़ेगी."

"रहने दो."

"तो उनका पक्का टाइप चुनना पड़ेगा. कॉन्सेप्ट, टास्क या रेफरन्स?"

पहिल्या दिवशी चपलांवरून तासभर वाद घातलेल्या बबनरावांनी या वेळी एका क्षणात उत्तर दिलं. "टास्क," ते म्हणाले. सेवापुस्तिका स्वच्छ होती. साहेबांनी सही करून ती त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती पिशवीत, घड्याळाच्या खाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, म्हणजे ज्या वेळेला ते गेली छत्तीस वर्षं बसस्टॉपवर असायचे त्या वेळेला, बबनराव बनियनवर घरात फिरत होते. जेवणाच्या टेबलापाशी लुंबिनी लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि खाली लिहिलं होतं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. ती हनुवटीवर हात ठेवून त्या गोलाकडे बघत होती.

बबनरावांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रमाबाईंनी चहाचे दोन कप आणून ठेवले, दोघांकडे पाहिलं आणि आत गेल्या.

"बाबा," लुंबिनी म्हणाली, "ह्याच्याजवळ बसायची गरज नसते. ते आपोआप होतं."

"मला माहीत आहे," बबनराव म्हणाले. "मी त्याच्याजवळ नाही बसलो."